शर्टाचं बटण कुणी लावायचं? अपंगत्व आणि संसारातलं समाधान

सकाळची घाईची वेळ. पक्षाघातानंतर नवऱ्याचा उजवा हात अजून नीट उघडत-मिटत नाही. शर्टाला सात बटणं आहेत. डाव्या हाताने तिसरं बटण काजात सरकवताना ते निसटतं, पुन्हा चाचपून धरावं लागतं. बायको दारात उभी आहे. तिने मनावर घेतलं तर काम वीस सेकंदांचं. त्याला अजून सहा मिनिटं तरी लागतील.

आता तिने काय करावं? पुढे होऊन पटापट बटणं लावून टाकावीत? घड्याळाकडे न बघता थांबावं? की काही न बोलता पुढच्या खेपेला वेल्क्रोचे शर्ट आणून कपाटात ठेवावेत? तिन्हींमागे माया असू शकते. पण त्याला त्या मायेतून काय ऐकू येईल, हे सांगता येत नाही. पहिल्यातून ‘तुला जमत नाही, सरक’ असं ऐकू येईल. दुसऱ्यातून ‘तुझं तू कर, मी आहे’ किंवा, दिवस वाईट असेल तर, ‘उभी राहून मजा बघतेय’. वेल्क्रोतून सोय दिसेल, नाहीतर ‘तुझा हात काही आता सुधारत नाही’ असा निकाल. चौथा मार्गही आहे आणि तो सुचायला काही घरांत वर्षं जातात. तो म्हणजे त्यालाच विचारणं.

अपंगत्वासह जगणाऱ्या जोडप्यांच्या वैवाहिक समाधानावर गेली पन्नासेक वर्षं संशोधन चाललं आहे. त्यातला बराचसा भाग फिरून फिरून या बटणापाशी येतो, असं माझं मत झालं आहे. कोणता अवयव किती निकामी झाला यापेक्षा मदत कशी दिली जाते, कशी घेतली जाते आणि कुणाच्या मर्जीने, यावर संसाराचा सूर जास्त ठरतो.

विषय मूठभरांचा आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे 130 कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या 16 टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. दर सहा माणसांमागे एक. चालणं, दिसणं, ऐकणं, बोलणं, आकलन, मानसिक आजार, न थांबणारी वेदना, सगळं यात येतं. शिवाय वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढतं. त्यामुळे आज ज्यांना हा विषय शेजारच्या घरातला वाटतो, त्यांच्याही घराचं दार तो उतारवयात ठोठावू शकतो.

समाधान मोजतात कसं?

साधारणपणे प्रश्नावलीने. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रॅहम स्पॅनियर यांनी 1976 मध्ये तयार केलेली 32 प्रश्नांची पट्टी अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. पैसा, घरकाम, नातेवाईक, प्रेम व्यक्त करणं अशा बाबतींत दोघांचं कितपत जमतं ते विचारायचं आणि 0 ते 151 मध्ये गुण द्यायचे. त्याहून छोटी, अवघ्या तीन प्रश्नांची पट्टीही आहे. लग्नाबद्दल, जोडीदाराबद्दल आणि दोघांमधल्या नात्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एवढंच ती विचारते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे संसार टिकणं आणि संसारात समाधान असणं ही दोन वेगळी मापं आहेत. जायला दुसरी जागा नाही म्हणून टिकलेलं लग्न आकडेवारीत ‘टिकलेलं’ एवढंच दिसतं. दुसरी गोष्ट जरा गमतीची आणि जरा चीड आणणारी आहे. स्पॅनियरच्या पट्टीत घराबाहेरच्या आवडीनिवडींत दोघं मिळून भाग घेता का, असा एक प्रश्न आहे. व्हीलचेअरवर असलेल्या बायकोला नाट्यगृहाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून दोघं घरीच बसत असतील, तर इथे त्यांचे गुण कापले जातात. दोष पायऱ्यांचा, लाल शेरा नात्यावर. अशा जोडप्यांचे गुण सरासरीपेक्षा कमी आले असं कुठे वाचलं, तर नक्की कुठल्या प्रश्नांत कमी आले, हे विचारायची सवय लावून घ्यावी.

आणि गुण कुणाचे? जुन्या अभ्यासांत बऱ्याचदा एकालाच विचारलेलं असतं, तेही काळजी घेणाऱ्याला. त्याच्या उत्तरातून त्याची दमणूक कळते. समोरच्याला काय वाटतं ते कळत नाही. आता दोघांनाही वेगवेगळं विचारून एकाच्या मनःस्थितीचा दुसऱ्याच्या समाधानावर काय परिणाम होतो, हे पाहण्याची पद्धत रुळली आहे. ती अर्थातच जास्त प्रामाणिक.

अपंगत्व आलं की लग्न मोडतं?

ही समजूत फार पक्की आहे. आकडे मात्र इतके ठाम बोलत नाहीत. 2004 मध्ये केर्विन चार्ल्स आणि मेल्विन स्टीफन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या कुटुंबांची माहिती तपासली. जोडीदाराची नोकरी गेल्यावर घटस्फोटाची शक्यता वाढत होती. जोडीदाराला अपंगत्व आल्यावर मात्र तशी वाढ दिसली नाही. आणखी बारकाईने पाहिलं तेव्हा अख्खा कारखाना बंद पडून नोकरी गेली असेल तर लग्नावर तसा परिणाम नव्हता, त्या एकट्याला काढून टाकलं असेल तर होता. म्हणजे ‘यात याचा काय दोष’ असं जोडीदाराला म्हणता येतं का, यावर बरंच अवलंबून असावं.

दुसरा, जास्त गाजलेला अभ्यास 2009 चा. मेंदूतल्या गाठी, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा एक दीर्घकाळ चालणारा आजार) असलेल्या 515 विवाहित रुग्णांचा. एकूण 11.6 टक्के जोडपी विभक्त झाली किंवा त्यांचा घटस्फोट झाला, आणि हे प्रमाण काही असाधारण नव्हतं. पण आत डोकावलं तर वेगळंच. रुग्ण पुरुष असेल तर प्रमाण 2.9 टक्के, स्त्री असेल तर 20.8 टक्के. काळजी घेणं हे बाईचंच काम, असं जग धरून चालतं. त्यामुळे बाईच आजारी पडली की घराला ते काम कुणाचं हेच सुचेनासं होतं, असं मी त्याचं कारण लावते. आकडे स्वतः कारण सांगत नाहीत.

याच प्रश्नावर 2015 मध्ये आणखी एक निबंध आला होता. बायको आजारी पडली तर उतारवयात घटस्फोट वाढतो, नवरा पडला तर नाही, असा त्याचा निष्कर्ष, आणि बातम्यांत तो भरपूर फिरला. मग लक्षात आलं की अभ्यास मध्येच सोडून गेलेले लोक संगणकाच्या आज्ञावलीत चुकून ‘घटस्फोटित’ म्हणून मोजले गेले होते. संशोधकांनी निबंध मागे घेतला. दुरुस्तीनंतर तो परिणाम फक्त बायकोच्या हृदयविकारापुरता उरला. जुनी बातमी मात्र अजून फिरते. ‘अमुक टक्के लग्नं मोडतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला आधी हा किस्सा आठवतो.

आधी की नंतर, शरीर की मेंदू

लग्नाच्या वेळी अपंगत्व होतं की संसार सुरू झाल्यावर आलं, याने खूप फरक पडतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांचा नॅन्सी क्रू आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये अभ्यास केला. इजेनंतर झालेली लग्नं इजेआधीच्या लग्नांपेक्षा जास्त समाधानी दिसली. पहिल्यांदा वाचताना आश्चर्य वाटतं, पण विचार केला तर नाही वाटत. इजेनंतर लग्न करणाऱ्या जोडीदाराने व्हीलचेअर पाहूनच होकार दिलेला असतो. पायऱ्या, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, रात्री कूस बदलून देणं, हे सगळं बोलणीतच आलेलं असतं. आधीच्या लग्नात दोघांनी एका आयुष्याची आखणी केलेली असते आणि एके दिवशी ती आखणीच पुसली जाते. अर्थात तुलनेत एक झुकतं माप आहेच. इजेनंतर ज्यांनी लग्न केलं, ते बहुधा मुळातच जरा सावरलेले, बाहेर पडून माणसं जोडणारे असणार.

आणि इजा कुठली? 1973 च्या युद्धात जखमी झालेल्या इस्रायली सैनिकांच्या बायकांची तुलना 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींच्या नवऱ्यांना कमरेखाली लुळेपण आलं होतं, काहींच्या मेंदूला मार बसला होता. वरवर पाहता लुळेपण जास्त भयंकर वाटतं. पण खिन्नता जास्त होती ती मेंदूला मार बसलेल्यांच्या बायकांत. याचं स्पष्टीकरण अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी रूढ केलेल्या एका कल्पनेत सापडतं. तिला मराठीत ‘धूसर वियोग’ म्हणता येईल. माणूस समोर बसलेला असतो, आवाज तोच, हसणंही कधी कधी तेच. पण ज्याच्याशी लग्न केलं तो विनोद करणारा, रागावलं की दहा मिनिटांत विसरणारा माणूस आता तिथे नसतो. मृत्यू झाला तर लोक भेटायला येतात, रडायची मुभा देतात. इथे उलट ‘वाचला, नशीब समज’ असं ऐकावं लागतं. दुःख करायचं तर कशाचं, हेच सांगता येत नाही.

वाचाघाताचं दुखणं याच्या जवळचं, पण वेगळं. मेंदूच्या इजेमुळे शब्द हरवतात आणि बुद्धी बरीचशी शाबूत असू शकते. ‘मीठ दे’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘दार’ येतं. जोडीदार वाक्यं पूर्ण करून द्यायला लागतो. सुरुवातीला ती मदत असते, पुढे नकळत त्याच्या वतीने मतंही तोच मांडू लागतो. भांडायला दोन तोंडं लागतात. एक तोंड मिटलं की भांडण संपतं, तक्रार तशीच राहते.

दोघंही अपंग असलेली जोडपी अभ्यासांत कमी दिसतात, याची मला खंत आहे. दोघंही बहिरे असतील आणि दोघांची सांकेतिक भाषा एक असेल, तर घरात अपंगत्व असं काही नसतंच. ते दाराबाहेर पाऊल टाकल्यावर सुरू होतं.

मदतीचा हिशोब

आता पुन्हा बटण.

नात्यात आपण जितकं देतो तितकं मिळतंय का, याचा हिशोब माणूस मनात ठेवत असतो, असं इलेन हॅटफील्ड आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात मांडलं. कमी मिळालं की चीड येते, हे उघड आहे. जास्त मिळालं तरी माणूस अस्वस्थ होतो, हा त्यांचा महत्त्वाचा मुद्दा. अपराधी वाटतं, उपकाराखाली दबल्यासारखं वाटतं. अपंग जोडीदाराच्या मनात हेच ओझं असतं आणि ते कुणाला दिसत नाही. ‘तुझ्या जिवावर जगतोय’ हे वाक्य एकदा का घरात शिरलं, की चहाचा कपसुद्धा उधारीच्या वहीत जातो.

यावर तोडगा म्हणून कामं समसमान वाटून घेता येत नाहीत, हे तर उघडच आहे. पण देवाणघेवाणीचं चलन बदलता येतं. समजा एका घरात बायकोला पूर्ण अंधत्व आहे. गाडी चालवणं, पत्रं वाचणं, कपड्यांचे रंग जुळवणं नवऱ्याकडे. महिन्याचा जमाखर्च, मुलांच्या अभ्यासाची तोंडी उजळणी, नातेवाइकांशी संबंध राखणं तिच्याकडे, आणि ते ती त्याच्यापेक्षा चांगलं करते. बाहेरच्याला दिसतं ते त्याने तिचा हात धरून रस्ता ओलांडणं. विम्याचा हप्ता चुकला नाही तो तिच्यामुळे, हे रस्त्यावर दिसत नाही.

मदत दिसावी की दिसू नये, यावर नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा एक सुंदर अभ्यास आहे. वकिलीच्या परीक्षेला बसलेले लोक आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोजनिशी ठेवली. जोडीदाराने मदत केली पण घेणाऱ्याच्या ती लक्षातही आली नाही, अशा मदतीचा ताणावर सर्वांत चांगला परिणाम झाला. ‘बघ, मी तुझ्यासाठी करतोय’ असं जाणवलं की आपण कमी पडतोय हेही जाणवतं. हा अभ्यास परीक्षार्थींचा, अपंगत्वाचा नव्हे. पण स्वयंपाकघरातली रोजची भांडी वरच्या फळीवरून खाली, व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा उंचीवर आणून ठेवणं ही त्याच जातीची मदत. रोज ‘काढून देऊ का?’ विचारावं लागत नाही, रोज ‘दे’ म्हणावं लागत नाही.

मात्र गुपचूप मदतीचीही एक हद्द असते. वेल्क्रोचे शर्ट न विचारता आले की ती ओलांडली जाते. फळी खाली आणणं आणि शर्ट बदलणं यांत फरक काय? फळीमुळे त्याला स्वतःला काहीतरी करता येऊ लागतं. शर्टामुळे तो जे शिकत होता ते थांबतं. कधी कधी तेच हवंही असतं, सकाळच्या घाईत बटणांशी झुंजण्यात त्याला काडीचा रस नसेल. म्हणून तर विचारायचं.

याच्या पुढची पायरी म्हणजे अतिकाळजी. औषधाची वेळ झाली का, पाणी प्यायलास का, एकटी जाऊ नकोस, मी आहे ना. करणाऱ्याला हे प्रेम वाटतं आणि घेणाऱ्याचं वय हळूहळू कमी होत जातं. पन्नाशीची बाई स्वतःच्या घरात आठ वर्षांची होते. तिने एकटीने बसने जायचं ठरवलं तर पडण्याचा धोका आहे, खरंच आहे. पण धोका पत्करायचा की नाही हे ठरवणं हा मोठ्या माणसाचा हक्क, आणि तो गेला की नवरा-बायको उरत नाहीत, पालक आणि मूल उरतं.

उलट बाजूने, दोघंही एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प राहतात. हृदयविकाराच्या झटक्यातून सावरणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास करताना 1991 मध्ये जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी याची नोंद केली. भीती लपवायची, चिडचिड गिळायची, समोरच्याला त्रास नको म्हणून ‘मी ठीक आहे’ म्हणत राहायचं. किंमत मोजावी लागते ती लपवणाऱ्याला, त्याचीच घुसमट वाढते. दोघंही असंच करत असतील तर एका बिछान्यावर दोन माणसं एकच भीती वेगवेगळी सांभाळत झोपतात.

बिछाना

याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि जोडपी सांगत नाहीत. अपंग माणसाला ती इच्छाच नसते, अशी एक समजूत. इच्छा असते. शरीराची रीत बदललेली असू शकते. मज्जारज्जूच्या इजेनंतर स्त्रीची पाळी काही महिने थांबू शकते, पण पुढे साधारणपणे गर्भधारणेची क्षमता परत येते. पुरुषांसाठीही उपचार आहेत. जॅक ॲनन यांनी 1976 मध्ये सल्लागारांसाठी चार पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिची पहिली पायरी फक्त परवानगी आहे. म्हणजे ‘हा विषय इथे बोलायला हरकत नाही’ एवढं सांगणं. बऱ्याच जोडप्यांचं काम या पहिल्या पायरीवरच भागतं.

खरी अडचण वेगळीच असते. दुपारी ज्या हातांनी कॅथेटर बदललं, ज्या हातांनी पुसलं, त्याच हातांनी रात्री जवळ घ्यायचं. काहींना हे सहज जमतं, काहींना जमत नाही, आणि न जमण्यात कमीपणा काही नाही. शक्य असेल तर अंगाची सेवा, निदान आठवड्यातले काही दिवस, बाहेरच्या मदतनिसाकडे द्यावी. ‘बायको असताना परकी बाई कशाला’ म्हणणारे भेटतील. बायको बायको राहावी म्हणूनच.

दाराबाहेरचं

दवाखान्यात, दुकानात, बँकेत लोक व्हीलचेअरवरच्या माणसाला सोडून मागे उभ्या असलेल्या जोडीदाराकडे बघून विचारतात, ‘यांना काय हवंय?’ हे दिवसातून चारदा झालं की घरी येऊन भांडण होतं, कारण तिने उत्तर दिलेलं असतं. तिने ‘त्यांनाच विचारा’ म्हणून नजर दुसरीकडे वळवायची, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवलं तर पुष्कळ वाफ वाचते.

पैशाचं तर विचारूच नका. अपंगत्व आल्यानंतर जगण्यातलं समाधान किती घसरतं, याचा अमेरिकेतल्या वृद्धांवर 2005 मध्ये अभ्यास झाला, आणि ज्यांच्याकडे साठवण होती त्यांची घसरण कमी निघाली. व्हीलचेअरसाठी उतार बांधायला, मदतनीस ठेवायला, दमलो म्हणून रिक्षा करायला पैसे असणं हे नात्याला टेकू देतं. आणि कधी नियमच संसाराच्या आड येतात. अमेरिकेत गरीब अपंगांना मिळणाऱ्या एका सरकारी भत्त्यात एकट्याची मालमत्ता 2000 डॉलरच्या आत असावी लागते, जोडप्याची 3000 च्या आत, आणि ही मर्यादा 1989 पासून तशीच आहे. दोघंही भत्ता घेत असतील तर मिळून दीडपटच मिळतो. म्हणून एकत्र राहू इच्छिणारे काही लोक लग्नच करत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराच्या 23 व्या कलमात लग्नाचा आणि कुटुंबाचा हक्क लिहिलेला आहे.

समुपदेशकाकडे जायचं ठरलं तर आधी फोन करून काही साध्या गोष्टी विचाराव्यात. खोलीपर्यंत व्हीलचेअर जाते का. वाचाघात असेल तर नेहमीच्या तासाऐवजी दीड तास मिळेल का. आणि जोडपं बहिरं असेल तर दुभाषा बाहेरचा, पैसे देऊन आणलेला असेल ना. बऱ्याचदा तिथे त्यांचा ऐकू येणारा मुलगा किंवा मुलगी बसवतात. आई बाबांबद्दल काय तक्रार करते ते बाराव्या वर्षी त्या पोराने हातांनी आणि तोंडाने भाषांतर करून सांगायचं, आणि मग तिघांनी एकत्र घरी जायचं.